श्रूजबरी : बिस्किटाच्या गावात पायी पायी

पायपीट

पुण्याच्या माणसासमोर श्रूजबरी म्हटलं की ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी आणि तिची बिस्किटं आठवणार, बटरचा वास आठवणार, नातेवाईकांना न्यायचे खोके आठवणार. त्या नावाचं एक खरंखुरं गाव आहे आणि ते आमच्या बर्मिंगहॅमपासून ट्रेनने तासाभरावर आहे हे इकडे इंग्लंडात राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं, पण जातं कोणी नाही. सगळे बाथ आणि यॉर्क ही गावं करतात. म्हणून हा धागा. कोणी गेलं असेल तर भर घाला.

आधी गावाची ठेवण सांगतो, कारण ती कळली की बाकी सगळं आपोआप कळतं. सेव्हर्न नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि तिने जवळजवळ पूर्ण वेढलेल्या टेकाडावर जुनं गाव आहे. जमिनीकडून आत शिरायला एकच चिंचोळी मान आणि त्या मानेवर किल्ला. नॉर्मन लोक आल्यावर रॉजर द मॉन्टगमरी नावाच्या सरदाराने ११ व्या शतकात बांधलेला, कारण पलीकडे वेल्स सुरू होतं आणि तिकडून कधी कोण येईल याचा नेम नव्हता. पूर्वेला इंग्लिश ब्रिज, पश्चिमेला वेल्श ब्रिज. आता गंमत अशी की नदीमुळे जुन्या गावाला बाहेर पसरायला जागाच नाही, त्यामुळे जे काय करायचं ते आतच, घराला घर चिकटवून, आणि मधून जायला बोळ. रस्त्यांची ती जाळी अजून बरीचशी तशीच आहे. घरं पडली, जळली, नवी झाली, पण बोळ तिथल्या तिथे.

स्टेशनातून बाहेर आलात की वर डोक्यावरच लाल दगडाचा किल्ला दिसतो. किल्ला लहान आहे, आत सैनिकांचं म्युझियम आहे, आवड असेल तर जा नाहीतर बागेतून चक्कर मारून पुढे निघा. समोर जुन्या शाळेची इमारत, आता लायब्ररी, तिच्यासमोर खुर्चीत बसलेला चार्ल्स डार्विन. १८०९ साली याच गावात जन्मला आणि याच शाळेत शिकला, शाळा मात्र १८८२ साली नदीपलीकडे गेली. पुतळा १८९७ चा आहे.

तिथून मेन रोडने सरळ जाऊ नका. डावीकडे सेंट मेरी चर्चकडे वळा, मग बुचर रो, मग फिश स्ट्रीट, बेअर स्टेप्स. बुचर रो, फिश स्ट्रीट या नावांवरून कळतंच कुठे काय विकत होते. बुचर रोच्या कोपऱ्यावर ॲबट्स हाऊस म्हणून तीन मजली लाकडी घर आहे, १४५० च्या दशकातलं. त्याच्यासमोर नीट उभं राहून बघा. प्रत्येक वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर थोडा पुढे आलेला. जागा वाढते आणि खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो. तळमजल्यावर खिडक्यांना रुंद लाकडी फळ्या आहेत, दुकानदार माल त्यावर मांडायचे. ओक लाकडाचे जाड वासे, जोडाला लोखंड नाही, लाकडाच्याच खुंट्या, काहींची टोकं बाहेर आलेली दिसतात. मधल्या जागेत काठ्यांचं विणकाम आणि त्यावर मातीचा गिलावा, म्हणजे आपल्या कुडाच्या भिंतीच की. लाकूड ओलं असतानाच कापायचे आणि जोडायचे, मग वाळताना ते पीळ खायचं, म्हणून ही घरं अशी वाकडी. पाया खचलाय म्हणून वाकडी असं दरवेळी नसतं. आणि ते काळं पांढरं झेब्रा पेंटिंग पाहून हुरळून जाऊ नका, तो बराचसा व्हिक्टोरियन काळातला शौक आहे, त्याआधी लाकूड बऱ्याचदा नुसतंच ठेवत.

पण मला विचाराल तर या गावाची खरी मजा बोळांत आहे. त्यांना तिथे शट म्हणतात. गलेट पॅसेज, कंपासेस पॅसेज, गोल्डन क्रॉस पॅसेज, ग्रोप लेन असे खूप आहेत. दोन दुकानांच्या मध्ये एक काळं भोक दिसतं, वाटतं कोणाच्या तरी मागच्या अंगणात जात असेल, आत शिरलं की खांदे दोन्हीकडे घासतील एवढी रुंदी, डोक्यावर कोणाची तरी खोली, आणि वीस पावलांवर एकदम चौक. गुगल मॅपवाला निळा ठिपका इथे गोंधळतो, त्याला खिशात टाका. हरवायची भीती नाही, उतार धरून चालत राहिलं की कुठेतरी नदी लागतेच.

चौकाला नुसतं द स्क्वेअर म्हणतात. मध्ये १५९६ चा जुना मार्केट हॉल, खाली कमानी आणि वर एक मोठी खोली. वेल्समधून न रंगवलेलं लोकरी कापड यायचं, इथले व्यापारी ते वरच्या मजल्यावर विकत घ्यायचे आणि पुढे लंडनला पाठवायचे. गावातली ती सगळी मोठी लाकडी घरं या पैशातून उभी राहिली. आत्ता वर छोटं थिएटर आणि कॅफे आहे. कमानींखाली एका खांबाला ओळीने भोकं आहेत, मालाची मोजणी ठेवायला होती म्हणतात. बघायला गेलात तर कमानीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांना उठवावं लागेल.

आणि याच चौकात रॉबर्ट क्लाइव्ह उभा आहे. त्यावर नंतर लिहितो, आता पोरीला स्विमिंगला सोडायचंय.

साजूक

वा, झकास. बिस्किटाचं सांगा ना पण! तिथे मिळतं का? कयानीसारखं लागतं का?

पायपीट

मिळतं, पण चव एकदम वेगळी. तिथे त्याला केक म्हणतात, आहे बिस्किटच, पातळ आणि गोल. लोणी, साखर, मैदा, अंडं हे तर आहेच, पण जुन्या कृतींत गुलाबपाणी, जायफळ, शहाजिऱ्यासारखं कॅरावे बी, लिंबाची साल असलं काय काय असतं. आपलं पुण्याचं म्हणजे शुद्ध बटर, तोंडात विरघळणारं. कॅसल स्ट्रीटच्या बाजूला एका भिंतीवर पाटी आहे, १७६० च्या सुमारास पेलिन नावाचा माणूस तिथे हे बनवायचा अशी. पाटीसमोर फोटो काढणारे निम्मे लोक आपले असतात असा माझा संशय आहे.

अटकेपार

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आई डबा घेऊन आली होती तो तसाच श्रूजबरीला नेला आणि टी रूममध्ये काम करणाऱ्या बाईंना चाखायला दिलं. त्या म्हणाल्या हे छान आहे पण हे आमचं नाही. आईला राग आला. मराठीत म्हणाली, मग नाव तरी काढून घ्या म्हणावं.

साजूक

हाहाहा काकूंना साष्टांग नमस्कार

विजयदुर्गकर

क्लाइव्हवर कोणी बोलणार नसेल तर मीच बोलतो. लोक प्लासीचं बोलतात, पण प्लासी १७५७. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ ला हा माणूस आमच्या विजयदुर्गासमोर होता. इंग्रज घेरिया म्हणायचे. अॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी खाडीतून तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं, आणि क्लाइव्हने जमिनीवर फौज उतरवून किल्ला घेतला. आत सापडलेली लूट दोघांच्या लोकांनी आपसात वाटून घेतली. आजीच्या गावी अजून हे सांगतात. आणि तो इथे चौकात ब्राँझचा होऊन उभा, आम्ही शेजारी उभं राहून सेल्फी काढायची?

शनिवारवाडा_नाका

@विजयदुर्गकर, अर्धी गोष्ट झाली. पूर्ण सांगायची तर इंग्रजांना बोलावलं कोणी? पेशव्यांनीच. नानासाहेबांना तुळाजी नको होता, मोहीम दोघांची मिळून होती. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला आला आणि तिथेच अडकला. नंतर इंग्रजांनी बाणकोट घेतलं आणि विजयदुर्ग पेशव्यांना दिला. मराठ्यांचं आरमार इंग्रजांच्या हातून बुडवून घेतलं ते आपणच, पुढे त्याची किंमत मोजली तीही आपणच.

विजयदुर्गकर

माहितेय हो. म्हणून तर जास्त झोंबतं.

पायपीट

दोघांचंही बरोबर आहे. पुतळ्याबद्दल सांगतो. तो १८६० चा आहे, मारोकेत्ती नावाच्या शिल्पकाराने केलेला, म्हणजे क्लाइव्ह मेल्यावर ८६ वर्षांनी, आणि १८५७ नंतर तीनच वर्षांनी. ही तारीख मला पुतळ्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. क्लाइव्ह याच श्रॉपशर परगण्याचा, मार्केट ड्रेटनजवळ १७२५ साली जन्मला. बंगालमधून पैसा घेऊन आल्यावर १७६१ पासून मरेपर्यंत श्रूजबरीचा खासदार होता, मध्ये एकदा महापौरही झाला. कॉलेज हिलवर राहायचा ते घर अजून आहे, क्लाइव्ह हाऊसच म्हणतात. २०२० ला पुतळा काढा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या, काउन्सिलने ठेवायचा ठरवला, सोबत माहितीचा फलक लावू म्हणाले.

माझं मत विचाराल तर तो तिथे असलेला मला चालतो. मागे लोकरीच्या पैशाची इमारत, समोर बंगालच्या पैशाचा माणूस. एका गावात पैसा कुठून कुठून येतो ते एका जागी उभं राहून दिसतं. सेल्फी मात्र मीही नाही काढला.

मंजिरी_वेल्सवाली

क्लाइव्ह कुटुंबाचा बाकी ऐवज बघायचा असेल तर श्रूजबरीहून वेल्शपूलकडे पोविस कॅसल आहे, ट्रेनने साधारण २० मिनिटं आणि मग चालत. तिथे टिपू सुलतानाचा तंबू आहे. कापडावरची फुलं इतकी ताजी की मन खट्टू होतं. तो ऐवज काही क्लाइव्हने, काही त्याच्या मुलाने आणि सुनेने जमवलेला, मुलगा मद्रासचा गव्हर्नर होता. पण त्याला वेगळा दिवस ठेवा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

रेल्वेवेडा

तुम्ही सगळे स्टेशनातून बाहेर पळता, अहो स्टेशनच बघा ना! १८४८ ची इमारत, समोरच्या शाळेला शोभावी म्हणून मुद्दाम ट्यूडर थाटाची बांधलेली. प्लॅटफॉर्म नदीवरच्या पुलावर गेलेत, खालून सेव्हर्न वाहते. आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन समोर बघा, एक उंच विटांची केबिन दिसेल, सेव्हर्न ब्रिज जंक्शन सिग्नल बॉक्स, १९०३ चा, १८० लिव्हर्स. हाताने लिव्हर ओढून चालवायचा एवढा मोठा सिग्नल बॉक्स जगात दुसरा चालू नाही. माझ्या बायकोला मी तिथे अर्धा तास उभं केलं होतं, ती आजतागायत काढते.

साजूक

वहिनींचं बरोबर आहे

चालता_बोलता

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी गेलोय. बोळ छान आहेत मान्य, पण प्राइड हिल म्हणजे मुख्य रस्ता बघितला तर तीच नेहमीची दुकानं जी प्रत्येक इंग्लिश गावात असतात, काही तर बंदच. दोन तासात मला वाटलं झालं बघून. हे सगळं ऐतिहासिक गाव प्रकरण जरा फुगवलेलं असतं असं वाटत नाही का?

पायपीट

प्राइड हिलबद्दल एकदम मान्य. पण तिथेच वरच्या टोकाला जो क्रॉस आहे तिकडे थांबलात का? तिथे १२८३ साली वेल्सचा राजपुत्र डॅफिड याला हालहाल करून मारलं, आणि १४०३ च्या श्रूजबरीच्या लढाईनंतर हॉटस्पर म्हणजे हेन्री पर्सी या बंडखोर सरदाराचं प्रेत लोकांना दाखवायला ठेवलं होतं. आता शेजारी बँक आणि फोनचं दुकान. पाटी वाचल्याशिवाय कळतच नाही. दुकानं बघायची तर वाइल कॉपला जा. उतरता वळणदार रस्ता, दोन्हीकडे स्वतंत्र दुकानं, जुनी पुस्तकं, जुनं फर्निचर, आणि एका लाकडी घरात हेन्री ट्यूडर १४८५ ला राजा व्हायच्या आधी राहिला होता म्हणतात.

मंजिरी_वेल्सवाली

+१ वाइल कॉप. आणि तो उतरून इंग्लिश ब्रिज ओलांडलात तर पलीकडे ॲबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च. आत जाण्याआधी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पार्किंगजवळ बघा, दगडी कोरीव काम केलेलं एक छोटंसं मंडपासारखं काहीतरी एकटंच उभं दिसेल. ते मठातल्या भोजनगृहातलं व्यासपीठ. भिक्षू जेवताना एक जण त्यात उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा. १८३६ साली लंडन ते होलीहेड रस्त्यासाठी मठाच्या आवारातूनच रस्ता काढला, त्यामुळे चर्च एका बाजूला आणि व्यासपीठ दुसऱ्या बाजूला, मधून ट्रक जातात. ॲबीच्या बागेत विल्फ्रेड ओवेन या कवीचं स्मारकही आहे. पहिलं महायुद्ध संपायच्या आठवडाभर आधी तो लढाईत मेला आणि आईवडिलांना तार मिळाली ती ११ नोव्हेंबर १९१८ ला, याच गावात, शस्त्रसंधीच्या घंटा वाजत असताना.

चालता_बोलता

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पुलाच्या अलीकडूनच परतलो. बरं परत बघू.

सिव्हिलवाला_बंड्या

गावाच्या थोडं बाहेर, स्टेशनपासून पायी २०-२५ मिनिटांवर डिथरिंग्टनची फ्लॅक्समिल आहे ती कोणी लिहिलीच नाही. १७९७ ची, जवसाच्या धाग्याची गिरणी. त्या काळी गिरण्यांत लाकडी तुळया, धाग्याचं पीस हवेत आणि दिवे उघडे, त्यामुळे गिरण्या धडाधड जळायच्या. म्हणून चार्ल्स बेज नावाच्या माणसाने खांब आणि तुळया दोन्ही ओतीव लोखंडाचे केले. जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. आज मुंबईत जे टॉवर दिसतात त्यांची पणजी समजा. वर्षानुवर्षं रिकामी पडून होती, २०२२ पासून लोकांना उघडली. खांबाला हात लावून बघा, मधे फुगीर आणि टोकांना बारीक आहे, वजन कुठे जास्त येतं ते त्याला बरोबर कळलं होतं. आम्हाला कॉलेजात कोणी हे नाव सांगितलं नाही.

अटकेपार

सेंट मेरी चर्चच्या बाहेर पश्चिमेच्या दाराजवळच्या भिंतीवर रॉबर्ट कॅडमनची पाटी आहे, वाचलीत का? हा दोरावरचा कसरती. १७३९ च्या फेब्रुवारीत त्या उंच मनोऱ्यापासून नदीपलीकडच्या मैदानापर्यंत दोर बांधला आणि छाती टेकवून घसरत जायला निघाला. दोर तुटला. लोक म्हणतात दोर जास्त ताणला होता आणि त्याने तशी खूण करून सांगितलंही होतं, पण खालच्यांना उलटं कळलं. पाटीवर कविता कोरलीय त्याच्यावर.

आणि त्याच मनोऱ्याचा शेंडा १८९४ ला वादळात कोसळला तेव्हा तिथल्या पाद्र्याने म्हटलं म्हणे की हा देवाचा कोप, कारण गावाने डार्विनचं स्मारक करायचं ठरवलंय. तरी तीन वर्षांनी पुतळा झालाच. चर्चच्या आत १४ व्या शतकातली रंगीत काचेची मोठी खिडकी आहे, उन्हात बघा.

सासूबाईंची_सून

मला प्रॅक्टिकल सांगा कोणीतरी. आईबाबा येतायत, आईचे गुडघे गेलेत, बाबांना इतिहास म्हणजे जीव की प्राण. चढउतार किती आहे? आणि शाकाहारी खाण्याचं काय?

पायपीट

चढउतार आहे, लपवत नाही. वाइल कॉप आईंना उतरायला चालेल, चढायला नाही. फिश स्ट्रीटचा भाग दगडी फरशीचा आहे आणि बेअर स्टेप्सला पायऱ्या. म्हणून असं करा, स्टेशनपासून कॅसल स्ट्रीटने हळूहळू वर, मग बुचर रो आणि सेंट ऑल्कमंड चर्चभोवतीचा चौक. हा टेकाडाचा माथा, बऱ्यापैकी सपाट, बाकं आहेत. आईंना तिथे बसवा आणि बाबांना बोळांत सोडा. दमले की टॅक्सीने क्वारी पार्क. नदीकाठी मोठा हिरवा उतार, मध्ये डिंगल नावाची खोलगट बाग. शेजारी सेंट चॅडचं गोल चर्च आहे, १७९२ चं. डार्विनचा बाप्तिस्मा इथे झाला. उन्हाळ्यात वेल्श ब्रिजजवळून बोट सुटते, ती नदीच्या वळणातून फिरवते, तीत बसून गाव खालून बघता येतं, चालायची भानगडच नाही.

खायला नव्या मार्केट हॉलमध्ये जा, चौकातल्या जुन्या नव्हे. १९६५ ची काँक्रीटची इमारत, बाहेरून कुरूप, उंच घड्याळाचा मनोरा आहे तो कुठूनही दिसतो. आत वरच्या मजल्यावर छोटे छोटे खाण्याचे स्टॉल, ब्रिटनमधलं आवडतं मार्केट म्हणून लोकांनी त्याला एकापेक्षा जास्त वेळा निवडलंय. शाकाहारी अडचण येत नाही.

राहायचं असेल तर जुन्या लाकडी खानावळीत खोली घेताना जिना आधी विचारा. आम्हाला मिळालेली खोली सुंदर होती, पण जमीन एवढी उतरती की पोरीचा चेंडू रात्रभर एकाच कोपऱ्यात जात होता, आणि बाथरूमला अर्धा जिना उतरायचा. आईंना नाही जमणार.

विजयदुर्गकर

@सासूबाईंची_सून, हिवाळ्यात नेऊ नका. सेव्हर्नला पूर येतो, २०२० च्या फेब्रुवारीत फ्रँकवेल आणि कोलमकडचा भाग पाण्यात होता. माथ्यावरचं जुनं गाव कोरडं राहतं, पण खालचे रस्ते, पार्किंग बंद होतात. मे ते सप्टेंबर बरं.

सासूबाईंची_सून

सगळ्यांना धन्यवाद. बाबांना धागा वाचून दाखवला, त्यांना सगळ्यात आधी तो पाटीवाला खांब बघायचाय, म्हणजे भोकांचा. आणि क्लाइव्हसमोर उभं राहून काहीतरी बोलायचंय म्हणतात, काय ते सांगत नाहीत. रविवारी जाऊ का?

पायपीट

रविवारी मार्केट हॉल बंद असतो. शनिवारी जा. लंडनहून येत असाल तर बहुतेक गाड्या बर्मिंगहॅमला किंवा क्रूला बदलाव्या लागतात, आईंसाठी बदलायला जरा जास्त वेळ असलेली गाडी निवडा. आणि बाबा काय बोलले ते इथे येऊन लिहा.

रेल्वेवेडा

आणि क्रूवरून गेलात तर डाव्या खिडकीला बसा, सिग्नल बॉक्स तिकडून... थांबा, कुठून ते बघून सांगतो.